फिरंगाण बरे की मुंबई बरी?

हल्ली आपल्याकडे घरोघर एखादा पुतण्या, एखादी भाची अमेरिकेत असते, आणि फराळाला जमलेल्या मंडळींत एक विषय हटकून निघतो. न्यू जर्सी बरे की टेक्सास बरे? एकीकडे देवळे आहेत, आपला किराणा मिळतो, आपली माणसे भेटतात, पण घरपट्टी अशी की साऱ्या देशात तिच्याइतकी जड घरपट्टी नाही. दुसरीकडे राज्याचा प्राप्तिकरच नाही, घरे ऐसपैस, पण उन्हाळा आपल्या विदर्भाची आठवण करून देणारा. शाळा, दवाखाने, रस्ते, हवापाणी यांची मापे काढली जातात. कोणी कुठे बिऱ्हाड थाटावे याचा निकाल काही लागत नाही, पण वेळ मोठा मजेत जातो.

हे ऐकताना मला नेहमी वाटते की, हा प्रश्न आपल्या किनाऱ्याला मुळीच नवा नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी वसई-साष्टीचा कुणबी, भंडारी, सुतार, विणकर, वाणी हाच प्रश्न आपल्या मनाशी विचारीत होता. राज्ये दोनच होती: एक फिरंग्यांची वसई आणि दुसरी इंग्रजांची मुंबई. मधली खाडी एवढीशी की ओहोटीच्या वेळी पलीकडचा माणूस ओळखू यावा. फरक एवढाच की, आपला पुतण्या सामानाची गाडी बोलावून दोन दिवसांत राज्य बदलतो. त्या बिचाऱ्याला राज्य बदलायचे तर रात्रीची वेळ पाहावी लागे.

मी वसईचा. आमच्याकडे कोणी फार अरेरावी करू लागला की आजी म्हणायची, “फिरंगाण लागून गेलंय काय?” पोर्तुगीजांचा अंमल उठून त्या वेळी दोनशे वर्षे होऊन गेली होती, तरी शब्द टिकला होता. पुढे जुने प्रवासी, गॅझेटियर, बखरी वाचताना या शब्दामागे काय काय दडले आहे ते हळूहळू कळू लागले. राज्य चांगले की वाईट हे त्याच्या इमारतींवरून ठरवायचे, की त्यात राहणाऱ्या माणसाच्या दिवसरात्रीवरून, हा तो प्रश्न आहे.

प्रथम ही दोन राज्ये झाली कशी ते थोडक्यात सांगतो. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने 23 डिसेंबर 1534 च्या तहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. साष्टी आणि मुंबईची बेटे त्यातच आली. पुढे सव्वाशे वर्षांनी, 1661 साली, पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला द्यायचे ठरले आणि मुंबई बेट आंदणात गेले. पोर्तुगीज व्हाइसरॉयने शक्य तितकी टाळाटाळ केली. अखेर फेब्रुवारी 1665 मध्ये हंफ्री कुक नावाच्या इंग्रजाने बेटाचा ताबा घेतला. चार्ल्सला हे आंदण पोसवेना, म्हणून 1668 साली त्याने ते वर्षाला 10 पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. तेव्हापासून माहीमची खाडी ही दोन राज्यांची हद्द झाली. अलीकडे माहीम इंग्रजांचे, पलीकडे वांद्रे फिरंग्यांचे, आणि तिथून साष्टी ओलांडून उत्तरेकडे वसई.

आता इमारतींवरूनच निकाल द्यायचा तर स्पर्धेला जागाच नाही. वसई ही फिरंग्यांच्या ‘उत्तरेच्या मुलखाची’ राजधानी होती. आज किल्ल्यात गेले तर पडक्या भिंती, वडाची मुळे आणि रविवारी फोटो काढायला आलेली जोडपी दिसतात. पण 1675 साली जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर इथे आला, तेव्हा त्याला सहा चर्चे, चार मठ आणि दोन विद्यालये दिसली. सज्जे असलेली, खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने लावलेली उमरावांची घरे त्याने पाहिली. वसईचा दगड गोव्याला चर्चे बांधण्यासाठी जात असे. 1695 साली आलेला इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी तर वसईबाहेरच्या वाड्या पाहून हरखून गेला. कसब्यात पंधरा मैलपर्यंत बागाच बागा, आंबे, माड, केळी, उसाचे मळे, यंत्रांनी पाणी चढवून बारमाही हिरवे ठेवलेले. आणि ती जमीन कसणारे ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू असे सगळेच. वसईच्या वाडीत रहाटाची करकर ऐकलेल्या कोणाही माणसाला हे वर्णन वाचून आपले गाव ओळखू येईल.

त्या मानाने मुंबईत काय होते? खाजण, दलदल, माडांची बने, कोळ्यांची खोपटी आणि एक जुना वाडा. भरतीचे पाणी बेटाबेटांच्या मधल्या सखल भागात शिरे आणि तिथेच कुजे. माडांच्या बुंध्याशी मासळीचे खत घालीत, त्याच्या घाणीने हवा बिघडते अशी इंग्रजांची समजूत होती. खरे कारण दलदलीतले डास, हे कळायला आणखी दोनशे वर्षे जायची होती. मुंबईत माणूस दोन पावसाळ्यांपुरता जगतो, अशा अर्थाची म्हणच त्या काळी रूढ झाली होती असे ऑव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने नोंदले आहे. खायला धान्य आणि जाळायला लाकूड तेही पलीकडून यायचे, आणि ठाण्याला व करंजाला फिरंग्यांचे नाके वाटेत जकात घ्यायला बसलेले.

सारांश, हवा, पाणी, अन्न, घरे, बागा या सर्व बाबतींत वसई सरस होती. आणि तरीही माणसे वसईकडून मुंबईकडे जात होती, मुंबईकडून वसईकडे नव्हे. 1675 च्या सुमारास मुंबईची वस्ती 60,000 झाल्याचे फ्रायर सांगतो, आणि फिरंग्यांच्या वेळेपेक्षा ती 50,000 नी वाढली असेही वर म्हणतो. आकडा अंदाजाचाच आहे, थोडा फुगवलेलाही असेल. पण ओघ कोणत्या दिशेने होता हे त्यावरून कळते. ही बरीचशी माणसे पळून आलेली, भटकी आहेत, असा शेराही तो मारतो. त्या शेऱ्यातच मला खरा इतिहास दिसतो. ती कशापासून पळून आली होती?

याचे उत्तर एका तहाच्या कलमात सापडते. मुंबई ताब्यात देताना जानेवारी 1665 मध्ये पोर्तुगीजांनी कुककडून काही अटी लिहून घेतल्या. त्यांतली एक अट अशी होती की, पोर्तुगीज गावांतले कुणबी, भंडारी आणि इतर बांधील लोक मुंबई बेटात घेऊ नयेत. आलेच तर त्यांना ताबडतोब त्यांच्या मालकांच्या हवाली करावे. सुतार, विणकर यांसारख्या कारागिरांनाही आसरा देऊ नये असे ठरले होते. चार्ल्स राजाने कुकचा हा करार मानला नाही, ही गोष्ट वेगळी. पण इंग्रजांचा झेंडा मुंबईवर चढण्याच्या आधीच फिरंग्यांना भीती कशाची वाटत होती ते पाहा. तोफांची नव्हे, आरमाराची नव्हे. आपली माणसे निघून जातील याची!

ही ‘बांधील’ माणसे कोण? वसई प्रांतातली गावे पोर्तुगीज उमरावांना आणि मठांना ठरावीक सालीना धाऱ्यावर दिलेली असत. गावाबरोबर गावची माणसेही जात. शेत ज्याचे, कुणबी त्याचा. त्याने मालकाची जमीन कसायची, वेठ करायची, पालखी उचलायची आणि गाव सोडायचे नाही. बागा पंधरा मैल हिरव्या होत्या हे कारेरीने पाहिले. त्या हिरव्या राखणाऱ्या माणसाला बागेबाहेर पाऊल टाकता येत होते की नाही, हे त्याला दिसले नाही. प्रवाशाला असल्या गोष्टी सहसा दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट रात्रीच्या झोपेची. फ्रायर लिहितो की, वसई शहराच्या तटाच्या आत रात्री फक्त ख्रिस्ती माणसांनी राहायचे. रात्रीचा ढोल वाजला की वाण्यांनी तटाबाहेरच्या पेठेत जायचे. दिवसा ज्याच्या दुकानावर शहर चालायचे, त्याला रात्री शहरात जागा नाही. वर्षानुवर्षे ज्या व्यापाऱ्याला रोज संध्याकाळी आपले घर तटाबाहेर आहे याची आठवण करून दिली जाते, त्याचे मन त्या शहरात किती रमणार?

तिसरी गोष्ट पोरांची, आणि ती सर्वांत जिव्हारी लागणारी. आईबाप आणि आजीआजोबा नसलेली हिंदू मुले ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती धर्मात वाढवावे, असा हुकूम पोर्तुगालच्या राजाने 1559 साली काढला होता. अंमलबजावणीत तो पुष्कळदा ताणला जाई आणि बाप गेला की मूल ‘पोरके’ धरले जाई. आपण डोळे मिटले तर आपल्या लेकरांचे काय होईल, ही चिंता जगातल्या प्रत्येक आईबापाला असते. फिरंगाणात ती चिंता सरकारनेच निर्माण केली होती. त्यात 1560 पासून गोव्याला धर्मन्यायालय बसलेले, आणि त्याचा हात वसईपर्यंत पोचलेला.

इथे एक खुलासा करतो. वसईचे आमचे ख्रिस्ती शेजारी हे त्या जुलमाचे वारस नव्हेत. तेही याच मातीतले, त्याच शेतात राबलेले. कुणी सक्तीने, कुणी सवलतीसाठी, कुणी मनापासून धर्म बदलला असेल. फिरंगी उमरावाने वेठीला धरताना त्यांना वेगळा न्याय लावला असे काही दिसत नाही. आपल्या भाषेने तर दोन्ही बाजू मुकाट्याने नोंदवून ठेवल्या आहेत. पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीजांनी दिले, आणि तुरुंग हाही त्यांचाच!

आता मुंबईच्या बाजूला येऊ. जेरल्ड आँजियर हा 1669 साली गव्हर्नर झाला, तेव्हा त्याने ओळखले की, या दलदलीत माणूस हवेसाठी येणार नाही. त्याला दुसरे काही द्यावे लागेल. 1672 साली त्याने न्यायालय उघडले. जमिनीची मालकी कोणाची यावरून रयत आणि कंपनी यांच्यात वाद होता. तो मिटवण्यासाठी जमीनधारकांनी मिळून वर्षाला 20,000 झेराफिन भरायचे आणि कंपनीने त्यांच्या जमिनींना हात लावायचा नाही, असा करार 1672 मध्ये झाला आणि 1674 मध्ये पक्का झाला. जातीजमातींचे तंटे त्यांच्या पंचायतींनी सोडवावेत असे ठरले. पारशांना मलबार टेकडीवर दोखमा बांधता आला.

यातले सर्वांत बोलके प्रकरण निमा पारख नावाच्या वाण्याचे. हा दीवचा, म्हणजे पोर्तुगीजांच्याच मुलखातला. 1677 साली मुंबईत येऊन राहण्यापूर्वी त्याने कंपनीकडून अटी लिहून मागितल्या. त्यातल्या काही अशा: आमचा धर्म आम्हांला आमच्या घरात बिनहरकत पाळू द्यावा, आमच्या आवारात कोणी परधर्मी येऊन राहू नये, जीवहत्या करू नये, मेलेल्या माणसाला अग्नी देता यावा, लग्ने आपल्या रीतीने लावता यावीत, कोणाला बळे ख्रिस्ती करू नये, इच्छेविरुद्ध ओझी वाहायला लावू नयेत, चौकी-पहाऱ्यातून सूट असावी. कंपनीने त्या मान्य केल्या. ही यादी वाचताना मला वाटते, निमा पारखाने दोन राज्यांची तुलनाच कागदावर मांडली आहे. जे जे एका राज्यात मिळत नव्हते ते ते त्याने दुसऱ्याकडे मागितले.

पण वकिलाने उलटतपासणी करावी तशी ही यादी पुन्हा वाचली पाहिजे. ओझी वाहण्यातून त्याने सूट मागितली, याचा अर्थ इतरांना ती वाहावी लागत होती. श्रीमंत व्यापारी करार करू शकला. खाजणात बांध घालणाऱ्या मजुराला कोण विचारतो? शिवाय कंपनी काही धर्मादाय संस्था नव्हती. तिला जकात हवी होती, जकातीला व्यापार हवा होता आणि व्यापाराला माणसे हवी होती. तिची सहिष्णुताही हिशेबाची होती. 1720 साली तिने पोर्तुगीज पाद्र्यांना बेटाबाहेर काढले, ते आपल्याशी निष्ठ नाहीत या संशयावरून.

आणि हवेनेही आपला सूड घेतला. आजार, साथी आणि 1689-90 मधला सिद्दी याकूतखानाचा वेढा यांमुळे वस्ती घसरत गेली. 1715 च्या सुमारास मुंबईत 16,000 माणसेच उरल्याचे कॉब नावाच्या पाद्र्याने लिहिले आहे. म्हणजे नुसत्या मोकळिकीवर माणूस जगत नाही, त्याला निरोगी पाणी आणि श्वासही लागतो. पण याच सुमारास वसईचे काय झाले? कारेरी सांगतो की, भयंकर साथीने उत्तर किनाऱ्यावरची शहरे ओस पाडली होती. त्याआधी 1674 मध्ये मस्कतच्या अरबांनी उतरून तटाबाहेरची चर्चे लुटली, आणि तटातल्या उमरावांना बाहेर पडण्याचे धैर्य झाले नाही. हवेच्या जोरावर वसई सरस होती ना? ती हवाही हातची गेली. तेव्हा मुंबई पुन्हा भरली, वसई भरली नाही. साथ दोन्हीकडे आली. परतून यावे असे माणसाला एकीकडेच वाटले.

ज्यांना पळता आले नाही त्यांनी तिसरा मार्ग धरला. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ पेशव्यांकडे दाद मागायला गेले, साष्टीची बखर त्यांच्या खटपटींनी भरलेली आहे. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. चिमाजी आप्पांनी वसईला वेढा घातला आणि 16 मे 1739 रोजी फिरंग्यांनी शरणागतीच्या कलमांवर सही केली. त्या वेढ्यात मुंबईकर इंग्रजांनी शेजारधर्म कसा पाळला? चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून घेऊन 15,000 रुपये कर्ज दिले!

पुढे जे झाले त्यात आपल्या तुलनेचा निकाल आहे. तहाप्रमाणे पोर्तुगीज सैन्य आणि उमराव कुटुंबे आपले सामान घेऊन निघून गेली. शेत कसणारा ख्रिस्ती मात्र जागचा हलला नाही. त्याला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक तहात दिली होती. ती कागदावरच राहिली नाही: 1760 साली साष्टीतून गेलेल्या आंकेतिल द्यु पेराँ या फ्रेंच विद्वानाने ठाण्याला हजारो ख्रिस्ती लोकांचा सण थाटात चाललेला पाहिला, आणि मराठी अंमलात त्याला कोणी आडकाठी करीत नव्हते. सरसुभेदार शंकराजी केशव यांनी निर्मळचे देऊळ पुन्हा उभे केले आणि प्रांत लावण्याची खटपट केली. आपल्या माणसांचे राज्य म्हणून सगळेच सोन्याचे झाले, असे मात्र नव्हे. वेठ मराठी राज्यातही होती. शुद्धीकरणाच्या खर्चासाठी माधवराव पेशव्यांच्या वेळी पट्टी बसवल्याची नोंद गॅझेटियरात आहे. चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, मेणवलीला जाऊन वाजू लागल्या. पण वसईच्या तटावर जरीपटका फडकत असताना, पलीकडे मुंबई वाढतच होती. 1764 मध्ये नीबूर या प्रवाशाने तिची वस्ती 1,40,000 सांगितली आणि तिथल्या धर्मस्वातंत्र्याची तारीफ केली. वसईत पुन्हा राजधानीचा थाट आला नाही. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला आणि 1818 मध्ये दोन्ही तीर एकाच राज्यात आले. तुलना संपली.

की संपली? 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईला पहिली आगगाडी गेली, आणि माणसांच्या ओघाला रुळ मिळाले. आज तो ओघ उलटा आहे. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून माणूस विरार-नालासोपाऱ्यात बिऱ्हाड करतो, दिवसभर मुंबईत राबतो आणि रात्री तटाबाहेर झोपायला येतो. ढोल वाजत नाही, भाड्याचा आकडा पुरतो. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची वस्ती 12 लाखांवर गेली. ज्या कसब्यातल्या बागा कारेरीने पाहिल्या तिथे इमारती उठू लागल्या, तेव्हा वाड्या आणि विहिरींचे पाणी वाचवण्यासाठी ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली. तिचे एक पुढारी फादर फ्रान्सिस दिब्रिटो. पुढे 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 1739 मध्ये जागचा न हललेल्या त्या शेतकऱ्याच्या गावकीतला माणूस मराठी भाषेच्या मानाच्या खुर्चीवर बसला, यात मला वसईच्या इतिहासाची मोठी कमाई दिसते.

किल्ला पाहायला पाहुणे आले की ते विचारतात, एवढे दगडी वैभव उभारणारे लोक हरले कसे? लढाईची हकीगत मी सांगतोच. पण त्यांना मी ते 1665 चे कलमही सांगतो. राज्याची किंमत त्याच्या तटावरून कळत नाही. तिथल्या कुणब्याला उद्या गाव सोडायची मुभा दिली तर तो सोडील की राहील, एवढेच विचारावे. फिरंग्यांना याचे उत्तर माहीत होते, म्हणूनच त्यांनी ते कलम घातले. ज्यांच्यासाठी ते घातले, त्या पळून गेलेल्या कुणब्या-भंडाऱ्यांतल्या एकाचेही नाव कुठे कोरलेले नाही. मुंबई मात्र त्यांनी वसवली.